भिंतीवर काय लावलंस?

राजापेठ, अमरावती
१० नोव्हेंबर २०२४

अमरीन, सलाम.

परवा आधी तू फोन आपटलास, मग मी आपटला, मग पुन्हा तूच लावलास आणि आपण पुन्हा भांडलो. बी.एड.च्या होस्टेलमध्ये एका खोलीत राहून आपण एवढं भांडलो नव्हतो. म्हणून म्हटलं, लिहावं. कागदावर निदान एकीचं बोलणं पुरं होतं. तूही लिही. फोन फक्त कोणी जन्मलं-मेलं तर.

तर घर मिळालं. प्रीतमची इथं बदली झाल्यापासून आम्ही त्याच्या मावसभावाकडे पाहुण्यासारखे पडून होतो. हे राजापेठेत आहे, दुसरा मजला. एक हॉल, एक खोली आणि दोघी उभ्या राहिल्या तर कोपराला कोपर लागेल एवढं स्वयंपाकघर. मी शिकवते तो क्लास पायी पाच मिनिटांवर. खाली सकाळपासून क्लासच्या पोरांच्या गाड्या आणि हॉर्न. मालकीण मैनाबाई आमच्या वरच राहतात, एकट्या. मुलगा विपुल शहरातच दुसरीकडे असतो. बाई मायाळू आहेत, पहिल्याच संध्याकाळी झुणका-भाकर घेऊन खाली आल्या.

पण भिंती, अमरीन! दवाखान्यासारख्या पांढऱ्या. घरात आलं की मला बसवत नाही. हॉलमध्ये बसते, उठून खोलीत जाते, तिथून ओट्याशी जाऊन उभी राहते. प्रीतम म्हणतो, "पायाले भिंगरी बांधली का व?" मैनाबाई म्हणाल्या, रंग लावा, खिळे ठोका, माझी ना नाही. नवऱ्याचं रंगाचं दुकान कधी कामाला येणार? जुबेरभाईंना विचार ना, एवढ्याशा घराला कोणता रंग उठून दिसेल?

आणि हो, पत्र क्लासच्या पत्त्यावर टाक. इथं टपाल जिन्यात फेकून जातात, हरवतं.

तुझी
दीपमाला


अकोला
२० नोव्हेंबर २०२४

दीपे, जयभीम.

तुहं पत्र दुकानात नेऊन जुबेरले वाचून दाखवलं. गिऱ्हाईक उभं होतं तरी त्यानं ऐकलं. तो म्हणते, लहान घराच्या चारही भिंती गडद केल्या तं घराचा डबा होते. दारातून आत आलं की समोर दिसते ते एकच भिंत रंगव. बाकीच्या राहू दे तशाच. आधी पुट्टी घासून घे, मंग प्रायमर, मंग रंग. घाई केली तं पोपडे निघतीन. सोबत शेडकार्ड पाठवून राहिली. मोरपंखीवर त्यानं पेनानं खूण केली आहे.

आता माहं ऐक. रंग वाळला की सगळ्यात आधी लग्नाचा फोटो लाव. मोठा करून, चांगल्या फ्रेममधी. तोच, बुद्धमूर्तीसमोरचा, तू पांढऱ्या साडीत अन् प्रीतम घामाघूम. तुह्या मागं मी उभी आहो अन् नेमके माहे डोळे मिटले. तरी लाव. घरात पाय ठेवला की समजलं पाह्यजे, हे कोणाचं घर आहे.

डिसेंबरात शाळेले सुट्या लागल्या की दोन दिवस तुह्याकडे येतो. अम्मीनं, म्हणजे माह्या सासूनं, परवानगी देऊन टाकली, वरून म्हणे येताना अमरावतीहून गिलावडा आण. आता तो अकोल्यापर्यंत गरम कसा राहीन, हे तिले कोण सांगणार?

तुही
अमरीन


अमरावती
१४ डिसेंबर २०२४

अमरीन, सलाम.

भिंत मोरपंखी झाली. प्रीतमनं आणि मी दोन रविवार घातले. अंगावर अजून ठिपके आहेत. क्लासमध्ये एक पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या कानाले रंग लागला."

भिंतीवर पितळी ताटल्या लावल्या, आईच्या. छान दिसत होत्या, पण चौथ्या दिवशी मला त्या डोळ्यांसारख्या वाटायला लागल्या. काढल्या. मग बाजारातून सुपं आणली, त्यावर पांढऱ्या रंगानं नक्षी काढली. तीही खोलीत हलवली. आता लहान-लहान आरसे लावलेत, आणि बाजूनं कागदी वेल सोडली आहे. मैनाबाई रोज येऊन बघतात. "तुह्या हाताले गुण आहे व पोरी," म्हणतात. त्यांनी शेजारच्या दोघींनाही बघायला आणलं.

लग्नाच्या फोटोचं बघते. फ्रेमवाला वेळ लावतोय.

तू मात्र या सुट्यांत नको येऊस. रंगाचा वास अजून जात नाही, तुला त्रास होईल. मग जानेवारीत क्लासच्या परीक्षा. नंतर ठरवू. रागावू नकोस.

भिंतीचे फोटो मोबाइलवर पाठवलेत.

तुझी
दीपमाला


अकोला
१ जानेवारी २०२५

दीपे,

माहा नवरा रंग विकते. मी त्या वासात जेवतो, त्या वासात झोपतो. अन् तू मले लिहून राहिली, रंगाच्या वासानं त्रास होईन?

जाऊ दे. फोटो पाह्यले. एकदा नाही, तीन-चारदा पाह्यले. आरसे, वेल, सुपं, ताटल्या. सगळं सुंदर आहे. पण दीपे, हे एखाद्या दुकानावानी दिसते. यात तू कुठी आहे? प्रीतम कुठी आहे? फ्रेमवाल्याले फोटो बनवाले एवढा वेळ लागते का? होस्टेलात तू एक खिळा ठोकला तं वर्षभर त्याच खिळ्यावर ओढणी टांगत होती. आता दर आठ दिवसांनी भिंत बदलवते. हे घर सजवणं नोहे. हे दुसरंच काही आहे.

सरळ विचारतो. प्रीतमसोबत काही झालं का? त्याचा फोटो भिंतीवर चालत नाही एवढं काय झालं? हात तं उचलत नाही ना? असं असीन तं मले एक शब्द लिही. जुबेरले घेऊन त्याच दिवशी येतो. तुले घरी घेऊन जातो. अम्मीनं तिकडची खोली झाडून ठेवली आहे.

मी नमाजात तुह्यासाठी दुआ मागून राहिली. उत्तर लवकर दे. नाही तं मी प्रीतमलेच फोन करतो.

अमरीन


अमरावती
३० जानेवारी २०२५

अमरीन,

प्रीतमला फोन करायला नको होता. तो दिवसभर जेवला नाही. रात्री एवढंच म्हणाला, "तुही मैत्रीण मले मारकुटा समजते." आमच्यात भांडण नाही. तो माझ्यावर जीव टाकतो. यापुढं हा विषय नको.

मैनाबाईंकडे हळदीकुंकू झालं, त्या निमित्तानं सगळ्या बायका आमच्या घरात येऊन गेल्या. भिंतीचं कौतुक झालं. मैनाबाईंनी एक मोठी फ्रेम भेट दिली. तिच्यासाठी आरसे उतरवावे लागले. मोरपंखी भिंतीच्या मधोमध तीच आहे आता.

पुढच्या महिन्यात बाबा येणार आहेत तेल्हाऱ्याहून. मोतीबिंदू पिकलाय, इथल्या दवाखान्यात तारीख घेतली आहे. ते येण्याआधी ती भिंत पुन्हा रंगवावी असं सारखं मनात येतं. साधी पांढरी. प्रीतम म्हणतो, वेडी झालीस का.

क्लास सुटला की मी घरी सरळ येत नाही. राजकमल चौकापर्यंत जाऊन परत फिरते. पाय दुखेपर्यंत चाललं तरच थोडं बरं वाटतं.

दीपमाला


अकोला
१७ फेब्रुवारी २०२५

सौ. दीपमाला प्रीतम वानखडे यांस,

तुमचे वडील जानरावजी आमच्या घरी सुखरूप आहेत. डोळ्याचं ऑपरेशन शनिवारी इथंच झालं. जुबेर सोबत होता. पट्टी निघाली. चांगलं दिसतं. औषधाचे थेंब वेळेवर चालू आहेत. काळजी नसावी.

इथपर्यंत कोरडं लिहिलं. पुढं जमत नाही.

दीपे, बाबा भर दुपारी हातात थैली घेऊन दारात उभे राह्यले. मी म्हटलं, "तुमी तं अमरावतीले जाणार होते?" ते म्हणे, "गेलतो बेटा. परत आलो." पाणी पेले अन् बसून राह्यले. अम्मीनं विचारलं, "काहून जानरावभाऊ, लेकीनं ठेवलं नाही का?" तं म्हणे, "लेकीनं ठेवलं. मीच राह्यलो नाही."

दुसऱ्या दिवशी बोलले. तुह्या हॉलमधी बसले तं समोर अंबादेवीची फ्रेम. त्याइनं मनात म्हटलं, कोणी प्रेमानं देली असीन, असू दे. मंग तुही मालकीण पातोडीची भाजी घेऊन आली. बाई चांगली होती म्हणे. गावाच्या, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या. मंग तिनं विचारलं, "तेल्हाऱ्याचे तुमी कोणते म्हणायचे?" बाबानं तोंड उघडलं, अन् तू मधातच म्हणाली, "काकू, त्यांना ऐकू येत नाही."

त्या बाईनं मंग संध्याकाळभर त्याइच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडून ओरडून चौकशी केली. अन् माहे बाबा, जे बसमधी शेजारच्या माणसाले आधी जयभीम करतात अन् मंग जागा मागतात, ते बहिरे होऊन बसले. तुह्यासाठी. मले म्हणाले, "बेटा, डोळे दाखवाले गेलतो, कान गमावून आलो."

अन् मंग त्याइनं मले विचारलं, "हे अमृता कोण व? अकोल्याची म्हणे. तिच्या नवऱ्यानं दीपीले रंग सुचवला म्हणे."

मी अमृता नाही, दीपे.

आता समजलं, टपाल जिन्यात काहून हरवते. पाकिटावर माहं नाव असते म्हणून. वास काहून जात नव्हता ते पण समजलं. मी इकडं दुआ मागत होती की माह्या मैत्रिणीच्या घरात काही दुःख आहे, ते दूर कर. अन् तू मलेच लपवून राहिली होती.

बाबा इथं पाह्यजे तितके दिवस राहतीन. तू सध्या येऊ नको.

अमरीन जुबेर खान


अमरावती
२१ फेब्रुवारी २०२५

अमरीन,

येत नाही. तू म्हणालीस म्हणून.

कसं झालं ते सांगते. त्यानं काही कमी होत नाही, पण तुला माहीत असावं. आम्ही घर बघत होतो तेव्हा सगळीकडे नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न यायचा, आणि त्यानंतर घर कालच कोणाला तरी दिलेलं असायचं. मैनाबाईंकडे आलो. त्या म्हणाल्या, "वानखडे का? माह्या माहेरी सगळे वानखडेच. आपलेच निघाले तुमी." प्रीतम हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. नुसता हसला. मी पाहिलं ते हसणं आणि मीही हसले. चावी हातात आली.

प्रीतम कॉलेजात असताना इथंच एका खोलीत राहायचा. ऐन परीक्षेत मालकानं त्याची पेटी रस्त्यावर ठेवली होती, पुस्तकं गटाराच्या कडेला. हे त्यानं मला लग्नानंतर कधीतरी तुटक-तुटक सांगितलं. म्हणून मी त्याला दोष देऊ शकले नाही. आणि मग रोज थोडं-थोडं करत गेले. लग्नाचा फोटो लावता येईना, कारण पांढरी साडी, बुद्धमूर्ती, सगळं बोलतं. हळदीकुंकवाला मैनाबाईंनी विचारलं, "देव्हारा कुठी आहे व?" मी म्हटलं, सुतार मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मायेनं देवीची फ्रेम आणून दिली. देवीशी माझं काय भांडण? पण तिच्यासमोर मी खोटी होऊन वावरत होते.

तुझं नाव... शेडकार्ड आलं तेव्हा त्यांनी विचारलं कोणी पाठवलं. "अम" एवढं तोंडातून निघून गेलं होतं. पुढचं मी बदललं. तेवढ्या क्षणात.

बाबांचं मला लिहवत नाही.

मी त्या हॉलमध्ये आता बसत नाही. इतके खिळे ठोकले, इतक्या वस्तू लावल्या-काढल्या, तरी जे लावलं नाही तेच दिसत राहतं.

त्यांचे थेंब चुकवू नकोस. चहात साखर कमी.

दीपमाला


अमरावती
१८ मार्च २०२५

अमरीन,

तुझं उत्तर नाही. यावं असं मी गृहीत धरत नाही. पण जे झालं ते सांगायला मला दुसरं कोणी नाही.

होळीच्या आधी एका रविवारी मी फ्रेम उतरवली, पुसली, स्वच्छ टॉवेलात गुंडाळली आणि जिना चढायला लागले. प्रीतमला सांगितलं नव्हतं. अर्ध्यावर गेले तर मागून चपलांचा आवाज. तो होता. त्यानं फ्रेमची एक बाजू धरली.

मैनाबाई मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, देवी परत आणली. तुमच्याकडं तिची पूजा होईल. आमच्याकडं ती नुसती टांगलेली आहे. आम्ही बौद्ध आहोत."

त्यांनी फ्रेम घेतली. काच पदरानं पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाल्या, "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

प्रीतम म्हणाला, "सांगितलं असतं तर घर दिलं असतं का?"

त्या खाली बघून मेथीची पानं तोडत राहिल्या. देठांसकट. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुह्या बापाले ऐकू येते ना?"

"येतं, काकू."

"मी त्या बिचाऱ्याच्या कानात ओरडत होती व," असं म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. रडत होत्या की संतापल्या होत्या, मला कळलं नाही. मी सांगून टाकलं, "आणि माझी मैत्रीण अमृता नाही. अमरीन आहे." त्या म्हणाल्या, "जा आता. जा तुमी दोघं."

आठवडाभर वरून भाजीची वाटी आली नाही, हाक आली नाही. मग विपुल आला. प्रीतमशी दारातच बोलला. घर आम्हाला घरच्यासाठी लागतंय, महिनाअखेर मोकळं करा. आवाज चढवला नाही, कारण विचारलं तेव्हा मोबाइल बघत राहिला. मैनाबाई वरच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. खाली आल्या नाहीत.

आता सामान बांधतोय. मोरपंखी भिंत खिळ्यांच्या भोकांनी चाळणी झाली आहे. प्रीतम पुट्टी घेऊन एकेक भोक बुजवतोय. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, "आपण खराब करून गेलो, असं कोणी म्हणू नये."

दीपमाला


अकोला
३ एप्रिल २०२५

दीपमाला,

ईद झाली. बाबा चष्मा लावून मागच्या महिन्यातच तेल्हाऱ्याले गेले. जाताना अम्मीले म्हणाले, "ताई, तुमचं घर मले आता नीट दिसलं, बम मोठं आहे." आमचं घर दोन खोल्यांचं आहे, तुले तं माहीत आहे.

माहा राग गेला नाही. तो असा पत्रानं जाणारा नाही. पण तुमचं घर गेलं हे वाचून शीरखुर्मा मले गोड लागला नाही.

एकच विचारतो. जिथं जासान तिथं काय सांगसान?

अमरीन


अमरावती
२७ एप्रिल २०२५

अमरीन, सलाम.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता आलं नाही, कारण तेव्हा घरच नव्हतं. सामान पुन्हा मावसभावाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली होतं.

आम्ही ठरवलं, कोणी विचारायच्या आधी सांगायचं. पहिल्या घरी मी सांगितलं. मालक म्हणाले, आमचं काही नाही हो, पण बाकीचे भाडेकरू. दुसरं घर फार चांगलं होतं, खिडकीबाहेर कडुनिंब. तिथं मालकानं प्रीतमला विचारलं, "वानखडे म्हणजे?" त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हसेल. तो म्हणाला, "बौद्ध. आणि आमच्याकडं अकोल्याचे अमरीन आणि जुबेर येऊन-जाऊन राहतील. ते मुसलमान आहेत. एकदाच सांगून ठेवतो." घर गेलं, अर्थात. पण जिना उतरून आल्यावर त्या माणसाला एवढी भूक लागली की कोपऱ्यावरच्या गाडीवर उभा राहून त्यानं गिलावड्याच्या दोन प्लेटा खाल्ल्या, तिसरी माझ्यातली. बदली झाल्यापासून मी त्याला इतकं पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं.

आता बडनेरा रोडकडं मिळालं. मालकीण भागीरथाबाई, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त. आम्ही आमचं सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे. पाण्याची मोटर लावता येते का? माहे गुडघे गेले." बस. एवढंच.

घर आधीपेक्षाही लहान आहे. भिंतींना फिका पोपटी डिस्टेंपर, एका कोपऱ्यात ओल. अजून काहीच लावलं नाही, पेटारे तसेच आहेत.

चौदा एप्रिलला तेल्हाऱ्याला गेलो होतो. बाबा माझ्याशी बोलेनात. मी म्हटलं, "बाबा, डोळा कसा आहे?" त्यांनी कानामागं हात नेऊन "आं?" केलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा "आं?" तिसऱ्यांदा मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. मिरवणूक दारावरून गेली तरी उठले नाही. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऐकू आलं व, बाई. ऐकू आलं."

तुला ये म्हणायचा हक्क मला आहे का, माहीत नाही. पत्ता मात्र खाली लिहिते. पाकिटावर तुझं पूर्ण नाव टाक. टपाल इथं थेट दारात येतं.

तुझी
दीपमाला


अकोला
१४ मे २०२५

दीपे, जयभीम.

परतीच्या बसमधी बसली तेव्हापासून हे लिहू की नको चाललं होतं. लिहूनच टाकतो.

परवा बुद्धपौर्णिमेची सुटी होती म्हणून निघाली, तुले कळवलंही नव्हतं. खरं सांगतो, मी खीर खायले नव्हती आली. मी भांडाले आली होती. तीन महिन्यांपासून मनात एकेक वाक्य घासून ठेवलं होतं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी मी मनात बोलूनच राहिली होती. जुबेर म्हणाला होता, "जाशीन तं सगळं बोलून ये, पोटात घेऊन परत येऊ नको."

पत्ता विचारत विचारत तुह्या गल्लीत आली. भागीरथाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्याइनं विचारलं, "कोणाकडे जायचं? नाव काय तुमचं?" अन् माह्या तोंडातून नाव निघेना, दीपे. जन्मात पहिल्यांदा. मले वाटलं, मी काय सांगू? इथं मी कोण आहो? जे तू केलं त्याची लागण मलेही झाली होती.

तेवढ्यात तू वरून पाह्यलं. हातात ओली चादर होती तुह्या. अन् तू तिथूनच ओरडली, "अमरीन! अमरीन आली! प्रीतम, अमरीन आली!" अख्खी गल्ली वर पाहू लागली. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून धरली. तुही चादर खाली पडली, थेट माह्या अंगावर. अन् तू अनवाणीच जिन्यावरून धावत आली.

माही सगळी वाक्यं गेली. एकही आठवलं नाही.

वर आल्यावर आपण तशाच जमिनीवर बसलो, पेटाऱ्यांच्या मधात, अन् प्रीतमनं खिरीच्या वाट्या हातात देल्या. तू दुपारपासून दिवे लागेपर्यंत एकदाही उठून इकडून तिकडं गेली नाही. मी पाहत होती. मोटर लावाले पण प्रीतमच गेला.

राग आहे अजून. थोडा राहीन. पण आता तो मैत्रिणीवरचा आहे, परक्या बाईवरचा नाही. जूनमधी शाळा सुरू व्हायच्या आधी तुमी दोघं अकोल्याले या. बाबाले पण बोलावतो. अम्मी म्हणते, जानरावभाऊशिवाय चहा पेवाले मजा येत नाही.

चादर मी चुकून पिशवीत घालून घेऊन आली. धुऊन ठेवली आहे.

तुही
अमरीन